खांब रंगवणारा

बाप गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा.
प्रेत अजून घरातच होतं
आणि कारकून गोठ्यात उभा राहून
गाईंचे दात बघत होता.
कूळ मेलं की त्याचं सगळ्यात चांगलं जनावर सरकारचं,
असा शिरस्ता होता आमच्याकडे.
ब्लेसी गेली. कपाळावर पांढरा टिळा होता तिच्या.
आई रडली ती नेमकी कोणासाठी,
हे मी तिला कधी विचारलं नाही.

पुढे हा ड्यूक आला,
रात्र रात्र मेणबत्तीशी पुस्तकं वाचणारा, म्हणतात.
एका उन्हाळ्यात कलमाच्या एका फटकाऱ्यानं
त्यानं वेठ काढून टाकली.
पाद्रीबुवांनी जाहीरनामा वाचला
तो रोजच्या प्रवचनाच्याच सुरात,
त्यामुळे निम्म्या गावाला कळलंच नाही
की आपण मोकळे झालो.
म्हातारा गेबहार्ड दुसऱ्या दिवशी पहाटे
फावडं खांद्यावर टाकून गढीच्या दाराशी हजर.
दिवसभर थांबला. कोणी काम सांगेना.
अंधार पडल्यावर घाबरून परत आला.

मग बरंच काही आलं.
वीज पडू नये म्हणून चर्चच्या शिखरावर सळई,
सुईणीला परीक्षा,
बटाटे (आधी डुकरांपुढे टाकून पाहिले आम्ही).
आणि कचेरीच्या तळघरातले ते बोटं पिळायचे चाप
लोहाराला दिले वितळवायला.
त्यानं त्यांच्या बिजागऱ्या केल्या, शाळेच्या दाराला.
दार उघडताना अजून कण्हतं.
त्याच दारातून माझा किलियन आत गेला
आणि बाहेर आला तो नाव लिहीतच:
पाटीवर, पिठात, गोठलेल्या खिडकीवर,
गाईच्या पाठीवर खडूनं.

मला काम मिळालं हद्दीच्या खांबांचं.
निळा पट्टा, पिवळा पट्टा, निळा.
राज्य आमचं एवढंसं, की या टोकाला कोणी शिंकलं
तर त्या टोकाचे म्हणत, देव भलं करो.
दोन डबे रंगात वर्ष निघायचं.

मग दूर कुठंतरी,
ज्या गावाचं नाव माझ्या जिभेला वळत नाही,
मोठ्या माणसांनी नकाशावर कोपर टेकले.
नदीपलीकडची आमची तीन गावं गेली.
बदल्यात सातपट आलं:
एका बिशपची सगळी जहागीर, दोन मठ,
एक स्वतंत्र शहर, त्याच्या रडणाऱ्या महापौरासकट.
त्या वसंतात मी छत्तीस डबे उचलले.

मठाच्या आवारात ब्रदर नोटकर
पुस्तकं मोजून गाडीत भरत होता,
दर शंभराला थांबून नाक पुसत.
भिंतीवरचा त्यांचा हिरवा रंग हट्टी,
तीन हात दिले तरी पावसात वर यायचा.
ओले कपडे कडेवर घेऊन एक बाई आली.
'आता आम्ही कोणाचे?'
'आमचे.'
'आणि तुम्ही?'
मी ब्रश धुवायला घेतला.

उत्तर शरद ऋतूत आलं.
ज्यानं सातपट दिलं
त्यानं माणसं मागितली, तीही सातपट.
वाढलेल्या अंगाला कपडा मोठा लागतो,
एवढं मलाही कळतं.
यादी करायला वेळ लागला नाही,
शाळेच्या वह्यांत सगळं होतं,
जन्मतारीख, उंची, वळणदार अक्षरात.
किलियननं सही केली. पूर्ण नावाची.
अंगठा उठवायची पाळी माझ्या पोरावर आली नाही.
पूर्वेकडे गेले ते. तिकडे बर्फ फार.

आता गुडघे धरतात. खांब दुसरा कोणी रंगवतो,
पट्टे वाकडे जातात त्याचे.
गोठ्यात तीन गाई आहेत,
धाकटीच्या कपाळावर टिळा आहे, तसाच.
मी मेलो तर कोणी दात बघायला येणार नाही.
कायदा आहे तसा, आणि चांगला कायदा आहे,
मी कधी वाईट म्हटलं नाही.
तिघी दावणीलाच राहतील.
पहाटे हंबरतील, धारेच्या वेळेला,
मग जरा थांबून पुन्हा.